वेबसाइटवर सोलापूरचा नकाशा लावायचाय? आधी एक टाइल हातानं उघडा

परवा संध्याकाळी शेजारची पोरगी लॅपटॉप तसाच उघडा हातात धरून आमच्याकडं आली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज ज्या अडुसष्ट शिवलिंगांना जातात त्या सगळ्यांचा नकाशा वेबवर करायचा, असा प्रोजेक्ट तिनं घेतलाय. म्हणली, "ताई, तीन दिवस झाले, नकाशाच येत नाहीय, नुसतं निळं दिसतंय बघा." बघितलं तर खरंच, डाव्या कोपऱ्यात प्लस-मायनसची बटणं, खाली लीफलेट या नकाशाच्या लायब्ररीचं नाव, आणि बाकी सगळा स्क्रीन फिक्कट निळा.

मी कोड बघितलाच नाही. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला आणि कुठल्या टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, मागवल्या जातायत तेवढं वाचलं. झूम १३ होता, एक्सचा आकडा ४४९७ आणि वायचा १३६९. सोलापूर झूम १३ ला एक्स ५८२३, वाय ३६८७ च्या आसपास असतंय. वाय इतका लहान म्हणजे आपण लांब उत्तरेला पोचलोय. तिनं अक्षांश आणि रेखांश उलटे टाकले होते, १७.६६ च्या जागी ७५.९१ आणि ७५.९१ च्या जागी १७.६६, त्यामुळं नकाशा नॉर्वेच्याही वर, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला समुद्रात उघडत होता. म्हणजे नकाशा पहिल्या दिवसापासून नीट येत होता, निळं होतं ते पाणी होतं.

म्हणून हा लेख लिहायला घेतला. नवीन मुलं कंपोनंट कॉपी करून नकाशा लावतात, पण टाइलचा पत्ता कसा बनतो ते कुणी सांगितलेलं नसतं, आणि मग काही बिघडलं की कुठं बघायचं तेच कळत नाही. माझं म्हणणं एकच आहे, टाइलचे तीन आकडे वाचायला शिका, नकाशाच्या निम्म्याहून जास्त अडचणी तिथंच सापडतात. कोडमधली नावं मी इथं उच्चारानं लिहिलीत, एडिटरमध्ये पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की पुढचं तो स्वतःच सुचवतो, त्यामुळं अडणार नाही.

टाइल म्हणजे फरशीच

शहाबादी फरशी घातलेलं अंगण डोळ्यापुढं आणा. लांबून एकसंध दिसतं, जवळ गेलं की चौकोन दिसतात. वेबवरचा रास्टर नकाशा तसाच असतो, प्रत्येक फरशी म्हणजे २५६ बाय २५६ पिक्सेलचं एक साधं चित्र, बहुतेक वेळा पीएनजी. सर्व्हरवर ही चित्रं रस्ते, नावं, रंग सगळ्यासकट तयार होतात, आणि ब्राउझरचं काम फक्त योग्य चित्र योग्य जागी ठेवायचं. नावं चित्रातच छापलेली असल्यामुळं रास्टर टाइलवरचं इंग्रजी नाव तुम्ही कोडमधून मराठी करू शकत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. ते हवं असेल तर व्हेक्टर टाइल, तो वेगळा विषय.

झूम ० ला अख्खं जग एकाच फरशीत मावतं. झूम एकनं वाढला की प्रत्येक फरशीच्या चार होतात, म्हणजे झूम १ ला ४, झूम २ ला १६, आणि झूम १२ ला आडव्या ४०९६ आणि उभ्या ४०९६, एकूण १ कोटी ६७ लाखांच्या वर. झूम १९ ला हाच आकडा २७ हजार कोटींच्या पुढं जातो. त्यामुळं कुणी म्हणलं की सगळ्या टाइल डाउनलोड करून ठेवू, तर हा हिशोब दाखवा.

प्रत्येक फरशीचा पत्ता तीन आकड्यांचा. झेड म्हणजे झूम, एक्स म्हणजे डावीकडून कितवी, वाय म्हणजे वरून कितवी. मोजणी ० पासून सुरू. एक्स रेखांश उणे १८० पासून पूर्वेकडं वाढतो आणि वाय उत्तरेकडून खाली वाढतो. नकाशाची वरची कड उत्तर ध्रुवावर नसते, साधारण ८५.०५ अंशावर असते, कारण वेबवर वापरतात त्या मर्केटर प्रक्षेपात ध्रुव अनंतावर जातो, मग नकाशा बरोब्बर चौरस होईल तिथं कापलाय.

आता सोलापूरचा पत्ता काढू, हे वहीत करून बघा, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. शहराचा मध्य धरू अक्षांश १७.६६, रेखांश ७५.९१. एक्स सोपा आहे, ७५.९१ मध्ये १८० मिळवले की २५५.९१, त्याला ३६० नं भागलं की ०.७१०८६, त्याला ४०९६ नं गुणलं की २९११.६९, अपूर्णांक सोडून द्या, २९११. वायसाठी अक्षांशाचा टॅन आणि सेक (म्हणजे १ भागिले कॉस) यांची बेरीज करायची, त्याचा नॅचरल लॉग घ्यायचा, पायनं भागायचं, ते १ मधून वजा करायचं, निम्मं करायचं आणि मग ४०९६ नं गुणायचं. येतं १८४३.८१, म्हणजे १८४३. तर झूम १२ ला सोलापूरची फरशी आहे १२, २९११, १८४३.

आता ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी टाइल डॉट ओपनस्ट्रीटमॅप डॉट ऑर्ग टाका (ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा), पुढं तिरकी रेघ, १२, तिरकी रेघ, २९११, तिरकी रेघ, १८४३, आणि लगेच डॉट पीएनजी. एंटर मारलं की एक छोटा चौकोन येतो, आणि त्यात आपलं गाव. अपूर्णांक आठवा, आडवा .६९ आणि उभा .८१, म्हणजे शहराचा मध्य चौकोनात उजवीकडं आणि बराच खाली पडतो, जुळे सोलापूरचा बराचसा भाग तर खालच्या १८४४ च्या फरशीत जातो. ही एक फरशी आपल्या अक्षांशावर साधारण ९.३ किलोमीटर रुंद. झूम १६ ला गेलात की एक फरशी ५८० मीटरच्या आसपास, आणि एक पिक्सेल सव्वादोन मीटरचा. बाळीवेशीतल्या बोळातलं छोटं देऊळ दाखवायचंय तर झूम १२ वर काहीच दिसणार नाही, निदान १७-१८ लागेल, हा अंदाज यातूनच येतो.

ही पायरी टाळू नका की. अर्धा तास जातो, पण पुढं कित्येक रात्री वाचतात.

प्रोजेक्ट उभा करायचा

नोड इन्स्टॉल असेलच. व्हीट या साधनानं रिॲक्टचा नवा प्रोजेक्ट बनवा, त्यात दोन पॅकेज टाका, लीफलेट आणि रिॲक्ट-लीफलेट. लीफलेट ही नकाशाची मूळ लायब्ररी, युक्रेनच्या व्होलोदिमिर अगाफोन्किननं २०११ मध्ये आणली, आकारानं अगदी हलकी आणि साध्या फोनवर पण नीट चालणारी. रिॲक्ट-लीफलेट तिच्यावर रिॲक्टचे कंपोनंट चढवतं, बाकी आत सगळं लीफलेटच. त्यामुळं कंपोनंटच्या माहितीत एखादा ऑप्शन सापडला नाही तर मूळ लीफलेटच्या माहितीत शोधा, तिथं असतोच.

व्हर्जनची एक गोष्ट लक्षात ठेवा. रिॲक्ट १८ असेल तर रिॲक्ट-लीफलेट ४ लागतं, रिॲक्ट १९ असेल तर ५. जुळलं नाही तर एनपीएम लाल अक्षरात भांडतं, तेव्हा फोर्स करून पुढं जाऊ नका, जुळणारं व्हर्जन टाका.

व्ह्यू, अँग्युलर किंवा साधी एचटीएमएल असेल तरी पुढचं सगळं लागू आहे, फक्त कंपोनंटची नावं बदलतील.

पहिला नकाशा

सगळ्यात आधी लीफलेटची सीएसएस फाइल इम्पोर्ट करा, मेन फाइलमध्ये अगदी वरच. ही विसरली की फरशा विस्कटलेल्या दिसतात, एक इथं, एक खाली, मधे पांढऱ्या पट्ट्या. असं दिसलं की दुसरं काही शोधू नका, सीएसएसच राहिलीय.

मग मॅपकंटेनर हा कंपोनंट. त्याला सेंटर द्या १७.६६ आणि ७५.९१, याच क्रमानं, आधी अक्षांश. झूम द्या १३. आणि स्टाइलमध्ये उंची द्या. उंची दिली नाही तर कंटेनरची उंची शून्य राहते आणि पानावर काहीच दिसत नाही, कन्सोलमध्ये एरर पण येत नाही, हीच तर त्यातली वाईट गोष्ट आहे. शंभर टक्के उंची दिली आणि तरी दिसत नसेल तर बाहेरच्या डिव्हला उंची नाहीये, शून्याचे शंभर टक्के शून्यच. सुरुवातीला सरळ ५०० पिक्सेल टाका, नकाशा आल्यावर मग सजवा.

मॅपकंटेनरच्या पोटात टाइललेअर. त्याला दोन गोष्टी लागतातच, यूआरएल आणि ॲट्रिब्यूशन. यूआरएल म्हणजे मघाशी हातानं टाकलेला पत्ता, फक्त १२ च्या जागी महिरपी कंसात झेड, २९११ च्या जागी महिरपी कंसात एक्स, १८४३ च्या जागी महिरपी कंसात वाय. स्क्रीनवर कुठल्या फरशा लागतात ते लीफलेट काढतं आणि आकडे भरून चित्रं मागवतं, आपण वहीत केलं तेच. जुन्या लेखांत पत्त्याच्या सुरुवातीला महिरपी कंसात एस असतो, ए-बी-सी सबडोमेनसाठी, ओपनस्ट्रीटमॅपला आता त्याची गरज नाही, काढून टाका.

ॲट्रिब्यूशनमध्ये कॉपीराइटचं चिन्ह, ओपनस्ट्रीटमॅप काँट्रिब्यूटर्स, आणि त्यांच्या कॉपीराइटच्या पानाची लिंक. याबद्दल पुढं बोलू, पण आत्ताच टाका, नंतर टाकू म्हणलं की राहतं. मॅक्सझूम १९ द्या, ओपनस्ट्रीटमॅपच्या स्टँडर्ड नकाशाच्या टाइल तिथंपर्यंतच आहेत.

सेव्ह करा. सिद्धेश्वर तलाव निळा, शेजारी भुईकोट किल्ला, रेल्वेची रेघ. पहिल्यांदा आपल्या पानावर आपलं गाव उघडलं की बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

इथं अडतं

सगळ्यात जास्त वेळा अडतं ते अक्षांश-रेखांशाच्या क्रमावर. लीफलेटला आधी अक्षांश लागतो. जिओजेसनमध्ये, म्हणजे जागांची माहिती ठेवायच्या फाइलमध्ये, उलटं, आधी रेखांश. मॅपलिब्रे या दुसऱ्या नकाशा-लायब्ररीमध्ये पण आधी रेखांश. लिंगांची यादी जिओजेसनमध्ये ठेवली आणि त्यातनं आकडे काढून थेट मार्करला दिले की स्वालबार्ड ठरलेलं. आपल्या जिल्ह्यापुरता एक नियम तोंडपाठ करा, १७-१८ अक्षांश, ७४ ते ७६ रेखांश, लहान आकडा आधी.

दुसरं, बटण दाबल्यावर सेंटर बदलायचं म्हणून लोक स्टेट बदलतात आणि नकाशा हलतच नाही. मॅपकंटेनरचे सेंटर आणि झूम फक्त नकाशा बनताना एकदाच वाचले जातात, नंतर बदलले तरी काही होत नाही. हलवायचं असेल तर कंटेनरच्या आत एक छोटा कंपोनंट करा, त्यात यूजमॅप हे हुक घ्या, आणि सेंटर बदललं की इफेक्टमध्ये सेटव्ह्यू किंवा फ्लायटू बोलवा. हुक कंटेनरच्या बाहेर वापरलं तर एरर येते, कारण त्याला नकाशा सापडत नाही.

तिसरं टॅबचं. नकाशा दुसऱ्या टॅबमध्ये किंवा पॉपअपमध्ये ठेवला, टॅब उघडला, तर एका कोपऱ्यात दोन-चार फरशा आणि बाकी राखाडी. मागं एका ऑफिसात मी केलेलं काम दाखवताना नेमकं हेच झालं. घरी नकाशा पहिल्याच टॅबवर होता, तिथं त्यांच्या सांगण्यावरून आदल्या रात्री दुसऱ्या टॅबवर हलवला होता, आणि समोर आठ माणसं बसलेली असताना तीन चतुर्थांश नकाशा राखाडी. कारण साधं आहे, लपलेल्या डिव्हची रुंदी शून्य असते, लीफलेट नकाशा बनताना ती मोजून ठेवतं आणि तेवढ्याच फरशा मागवतं. टॅब दिसायला लागल्यावर इनव्हॅलिडेटसाइझ बोलवलं की ते परत मोजतं आणि नकाशा भरतो. ती एक ओळ मला त्या दिवशी आठवली नाही, तेव्हापासून प्रत्येक टॅबवाल्या कामात ती आधी लिहिते.

मार्करचं चित्र तुटलेलं दिसणं हे पण नेहमीचं. लोकल मशीनवर ठीक आणि बिल्ड केल्यावर तुटलेलं. बिल्ड करताना चित्रांच्या फाइलची नावं बदलतात आणि लीफलेट जुन्या जागी शोधत बसतं. मार्करची तीन चित्रं, साधं, दुप्पट आकाराचं आणि सावलीचं, स्वतः इम्पोर्ट करा आणि त्यांच्यातनं स्वतःचा आयकॉन बनवून मार्करला द्या. लिंगांसाठी तर तसाही वेगळा आयकॉन हवाच की.

नेक्स्ट हे रिॲक्टवरचं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना विंडो इज नॉट डिफाइन्ड अशी एरर येईल. लीफलेटला ब्राउझर लागतो आणि नेक्स्ट पान आधी सर्व्हरवर बनवतं, म्हणून नकाशाचा कंपोनंट डायनॅमिक इम्पोर्टनं आणा आणि त्यात एसएसआर फॉल्स करा. आणि रिॲक्ट-लीफलेट न घेता थेट लीफलेट इफेक्टमध्ये लिहिलं असेल तर क्लीनअपमध्ये मॅप रिमूव्ह करायचं, नाहीतर स्ट्रिक्ट मोडमध्ये कंटेनर आधीच वापरात आहे म्हणून अडवतो.

यातलं काहीच नसेल आणि नकाशा राखाडीच असेल तर नेटवर्क टॅब, इमेजचा फिल्टर, आणि एका टाइलवर क्लिक. एकही टाइल मागवली नसेल तर उंचीचा किंवा कंपोनंटचा घोळ. मागवली आणि ४०४ आली तर पत्ता चुकलाय, झेड-एक्स-वायचा क्रम बघा. ४०३ आली तर सर्व्हर तुम्हाला अडवतोय. २०० आली आणि चित्र चुकीच्या जागेचं असेल तर आकडे वाचा, झूम १२ ला एक्स २९११ च्या जवळ आहे का, वाय १८४३ च्या जवळ आहे का. झूम एकनं वाढला की दोन्ही आकडे साधारण दुप्पट होतात, एवढं लक्षात असलं की झाला हिशोब.

आपला स्वतःचा जुना नकाशा वर चढवायचा

हे मला सगळ्यात आवडतं काम. समजा तुमच्याकडं शहराचा जुना छापील नकाशा आहे, घरच्या ट्रंकेत सापडलेला किंवा वाचनालयातनं परवानगीनं स्कॅन केलेला, आणि तो आजच्या नकाशावर ठेवून बघायचाय. स्कॅन म्हणजे नुसतं चित्र, त्याला आपण पृथ्वीवर कुठं आहोत ते माहीत नसतं. ते सांगायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. त्यातल्या जिओरेफरन्सरमध्ये स्कॅन उघडायचा, जुन्या नकाशावरच्या एका बिंदूवर क्लिक करायचं आणि तोच बिंदू आजच्या नकाशावर दाखवायचा. असे बिंदू चार तरी हवेत, मी दहा-बारा घेते आणि चारी दिशांना पसरून घेते.

बिंदू कुठले घ्यायचे यावर सगळं अवलंबून आहे. भुईकोट किल्ल्याचे बुरूज एकदम चांगले, दगडी आहेत, हललेले नाहीत. रेल्वेचे जुने पूल चांगले. तलावाची कड घेऊ नका, पाणी आणि गाळ यांच्यामुळं ती बदलते, रुंद केलेल्या चौकांचे मध्य पण घेऊ नका. सगळे बिंदू गावठाणात घेतले आणि बाहेर एकही नाही, तर मधला भाग चपखल बसतो आणि कडा भलतीकडं जातात.

बसवून झालं की क्यूजीआयएसमध्येच एक्सवायझेड टाइल बनवायचं साधन आहे, किंवा कमांड लिहायची सवय असेल तर जीडीएएलचं जीडीएएलटूटाइल्स. झूम १२ ते १७ पुरतात. १० किलोमीटर बाय १० किलोमीटरच्या शहराला झूम १७ वर साधारण १,२०० फरशा, त्याखालचे झूम मिळून चार-पाचशे अजून. फोल्डर तयार होतो, आत झूमचे फोल्डर, त्यात एक्सचे, त्यात वायची चित्रं, म्हणजे पत्ता म्हणजे चक्क फोल्डरची वाट. हे सगळं प्रोजेक्टच्या पब्लिक फोल्डरमध्ये ठेवायचं, वेगळा सर्व्हर लागत नाही.

आता एक खड्डा. जीडीएएलटूटाइल्स काहीच न सांगता चालवलं तर वाय खालून मोजतं, टीएमएस नावाची ती जुनी पद्धत. सोलापूरची १८४३ ची फरशी तिथं २२५२ होते, ४०९५ मधून १८४३ वजा. नकाशा उघडतो आणि जुना लेअर दिसतच नाही, सगळ्या ४०४. एकतर टाइल बनवताना एक्सवायझेडचा ऑप्शन द्या किंवा टाइललेअरला टीएमएस ट्रू करा. दोन्ही केलं तर परत उलटं, दोन्ही करू नका. आणि काही होस्टिंगवर नसलेल्या फाइलच्या जागी मुख्य पानच २०० नं परत येतं, तेव्हा स्टेटस बघून फसू नका, टाइलवर क्लिक करून चित्रच आलंय ना ते बघा.

मग कोडमध्ये दुसरं टाइललेअर, पहिल्याच्या खाली लिहायचं म्हणजे ते वर चढतं. ओपॅसिटी ०.६ नं सुरू करा आणि तिला एक स्लायडर जोडा, हा बदल मात्र स्टेटमधून लगेच लागू होतो. बाउंड्स द्या, नाहीतर माणूस मोहोळकडं सरकला की ब्राउझर नसलेल्या फरशा मागत राहतो. आणि याही लेअरला मॅक्सझूम १९ ठेवून मॅक्सनेटिव्हझूम १७ द्या, मग १८ आणि १९ ला लीफलेट १७ चीच फरशी मोठी करून दाखवतं, जरा धूसर दिसतं पण लेअर गायब होत नाही. बाउंड्स आणि मॅक्सनेटिव्हझूम हे दोन ऑप्शन फार कमी लोक वापरतात आणि त्यांच्यामुळंच नकाशा नीट केलाय का घाईत, ते कळतं.

मॅपलिब्रे घेतलं असेल तर रास्टर सोर्सला टाइलसाइझ २५६ सांगायला विसरू नका, तो न सांगता ५१२ धरतो आणि सगळी अक्षरं मोठी, फुगलेली दिसतात. शिवाय मॅपलिब्रेला टाइलच्या सर्व्हरकडून सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या साइटच्या कोडला फाइल वाचू द्यायची, परवानगी लागते, लीफलेटला साध्या इमेजसाठी लागत नाही.

टाइल कुणाच्या आहेत

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झालं, आणि त्यातला एकेक रस्ता कुणीतरी बसून काढलेला आहे. आपल्या गावातले बोळ पण. टाइलचा सर्व्हर देणग्यांवर चालतो. त्यामुळं त्यांच्या अटी माझ्या दृष्टीनं नुसती कागदावरची गोष्ट नाही. श्रेय दिसेल असं ठेवायचं, मोबाइलवर जागा नाही म्हणून लपवायचं नाही. ढिगानं टाइल डाउनलोड करायच्या नाहीत. ब्राउझरच्या कॅशला आडवं जायचं नाही. आणि पानानं रेफरर, म्हणजे मागणी कुठल्या साइटवरून आली ती माहिती, पाठवायला हवा, साइटवर रेफरर-पॉलिसी नो-रेफरर लावलेली असेल तर टाइल ४०३ होऊन अडतात, बऱ्याच सुरक्षित टेम्प्लेटमध्ये ती आपोआप लागलेली असते, तपासा.

एक डेस्कटॉप स्क्रीन भरायला चाळीस-पन्नास फरशा सहज लागतात, आणि माणूस नकाशा ओढत राहिला तर काही मिनिटांत शेकडो. कॉलेजचा प्रोजेक्ट, गल्लीतल्या मंडळाची साइट, इथंपर्यंत ठीक आहे. यात्रेच्या दिवशी हजारो लोक उघडतील असं ॲप असेल तर पैसे घेऊन टाइल देणारी सेवा घ्या किंवा स्वतःच्या टाइल बनवा. यूआरएल एका कॉन्फिग फाइलमध्ये ठेवली तर बदलायला दोन मिनिटं लागतात.

आणि भारताची सीमा. बाहेरच्या टाइलमध्ये काश्मीर, अरुणाचलच्या सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळतीलच असं नाही, आणि तसा न जुळणारा देशाचा नकाशा प्रसिद्ध करणं हा आपल्याकडं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. शहराच्या ॲपला अख्खा देश दाखवायची गरजच काय? मिनझूम ११ ठेवा आणि मॅक्सबाउंड्समध्ये आपल्या भागाची चौकट द्या. माणूस नकाशा ओढत ओढत अरबी समुद्रात जात नाही, हा त्यातला दुसरा फायदा.

एखादा रस्ता टाइलवर नसेल किंवा नाव चुकलं असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढा आणि स्वतः दुरुस्त करा. काही वेळानं टाइल नव्यानं बनते आणि बदल सगळ्या जगाला दिसतो, जुनंच दिसत असेल तर ब्राउझरचं कॅश साफ करून बघा.

आमच्या शेजारणीनं आकडे सुलटे केले, उंची आणि मिनझूम नीट केला, आणि मार्कर बसवायला लागली. पण फोनवर घेतलेल्या काही बिंदूंचे मार्कर झूम १८ ला देवळाऐवजी शेजारच्या घरावर पडतायत. झूम १८ ला एक पिक्सेल साधारण ५७ सेंटीमीटरचा, त्यामुळं फोनच्या जीपीएसची पाच-दहा मीटरची चूक तिथं लगेच दिसते. तर येत्या रविवारी सकाळी उत्तर कसब्यापासून आम्ही दोघी चालत निघणार आहोत, प्रत्येक लिंगापाशी दोन मिनिटं फोन स्थिर धरायचा, तीन वेळा मोजणी घ्यायची आणि मधली धरायची.